लोकांच्या भीतीमुळे देश तंत्रज्ञानात मागे पडतो, हे म्हणणे कितपत खरे आहे?

अंत्रुजकर (प्रश्न)

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते. आंतरविद्यालयीन वादस्पर्धेसाठी आमच्या मुलांना "कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जनतेला वाटणारी भीती राष्ट्राच्या तंत्रज्ञानातील आघाडीला मारक आहे" असा विषय मिळाला आहे. मुलांनी दोन्ही बाजूंची टिपणे करून आणली. ती वाचताना असे दिसले की बाजू कोणतीही असो, भीती वाढली की वेग कमी होणार आणि वेग कमी झाला की दुसरा देश पुढे जाणार, हे सर्वांनीच गृहीत धरले आहे. विरोधी बाजूचे वक्तेसुद्धा एवढेच म्हणतात की मागे पडलो तरी चालेल, पण सुरक्षित राहू. म्हणजे वाद सुरू होण्याआधीच त्यांनी अर्धा विषय सोडून दिला आहे.

भीती किती आहे याविषयी शंका नाही. प्यू या संस्थेने २०२३ साली अमेरिकेत केलेल्या पाहणीत ५२ टक्के प्रौढांनी सांगितले की दैनंदिन जीवनातील या तंत्रज्ञानाच्या वाढत्या वापराविषयी त्यांना उत्साहापेक्षा चिंता अधिक वाटते. त्याच वर्षी मार्चमध्ये अनेक तज्ज्ञांनी सह्या केलेल्या एका खुल्या पत्रात, सर्वांत शक्तिशाली प्रणालींचे प्रशिक्षण किमान सहा महिने थांबवावे अशी मागणी झाली. मे महिन्यात या क्षेत्रातील अग्रणी शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन हे गूगल सोडून धोक्यांविषयी उघडपणे बोलू लागले. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे अमेरिका, चीन आणि भारत यांच्यासह २८ देशांनी धोक्यांची दखल घेणाऱ्या जाहीरनाम्याला मान्यता दिली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिस येथे, भारत सहअध्यक्ष असलेल्या परिषदेत, वारा पूर्ण फिरलेला दिसला. अमेरिका आणि ब्रिटन यांनी तेथील निवेदनावर सही केली नाही, आणि सुरक्षिततेची चिंता करत बसून हे भविष्य जिंकता येणार नाही, अशा आशयाचे भाषण अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांनी केले.

माझा प्रश्न असा आहे की लोकांच्या भीतीमुळे एखाद्या देशाने हातची आघाडी गमावली, असे इतिहासात खरोखर घडले आहे का? आणि ज्या देशाकडे आज या क्षेत्रातील आघाडीच नाही, त्या आपल्या देशात हा विषय मुलांनी कसा समजून घ्यावा? भावनेपेक्षा उदाहरणे मिळाली तर फार उपयोग होईल.

वेर्णावासी

टीचर, मी वेर्णे औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझे उत्तर यंत्राच्या बाजूने येईल.

आघाडी ही एक वस्तू नाही. सर्वांत सूक्ष्म चिप बनवण्यासाठी लागणारे टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) प्रकाशाचे मुद्रणयंत्र जगात फक्त नेदरलँड्समधील एएसएमएल ही कंपनी बनवते. ती यंत्रे वापरून सर्वाधिक प्रगत चिप तैवानच्या टीएसएमसीत तयार होतात. त्यांतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या चिपची रचना प्रामुख्याने अमेरिकेतील एनव्हिडिया करते आणि त्यांच्यावर चालणारी प्रतिमाने (एआय मॉडेल) अमेरिका आणि चीन येथील मोजक्या कंपन्या घडवतात. या साखळीत सामान्य माणसाच्या भीतीने अडलेले असे काही मला दिसत नाही. अडलेले जे आहे ते सरकारांनी ठरवून अडवले आहे. अमेरिकेने ७ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रगत चिप आणि त्या बनवण्याची सामग्री चीनला विकण्यावर निर्बंध घातले व पुढच्या वर्षी ते आणखी कडक केले. जानेवारी २०२५ मध्ये बायडन प्रशासनाने जाता जाता जो नियम काढला, त्यात मोजकी मित्रराष्ट्रे पहिल्या वर्गात ठेवली आणि भारताला दुसऱ्या वर्गात टाकून आपल्याला मिळू शकणाऱ्या चिपवर मर्यादा आणली. मे २०२५ मध्ये तो नियम मागे घेतला गेला, परंतु आपण कोणाच्या यादीत कुठे बसतो हे मुलांना कळावे म्हणून तो सांगण्यासारखा आहे.

निर्बंधांनी आघाडी टिकते का, हा वेगळाच वाद आहे. चीनमधील डीपसीक या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आपले प्रतिमान जाहीर केले. तुलनेने कमी खर्चात एवढे साधता येते, या धसक्याने २७ जानेवारीला एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ६०० अब्ज डॉलरनी घसरले. भीतीच म्हणायची तर ही गुंतवणूकदारांची भीती होती, आणि तिने जेवढा पैसा एका दिवसात हलवला तेवढा सुरक्षिततेची मागणी करणाऱ्या कोणत्याही पत्राने हलवलेला नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर परम महासंगणकाचे घ्यावे, मात्र ते पूर्ण सांगावे. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला. भाषणांत ही कथा येथे संपते. प्रत्यक्षात त्या यंत्रातील प्रक्रियक (प्रोसेसर) ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. अनेक लहान प्रक्रियकांना एकत्र कामाला लावण्याची जुळणी आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर हे आपले कर्तृत्व होते, आणि ते लहान नव्हते. आज इंडियाएआय मिशनसाठी मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेले सुमारे १०,३७२ कोटी रुपये पाहतानाही हेच लक्षात ठेवावे लागते, कारण त्यातून संशोधकांना आणि नवउद्योगांना स्वस्तात मिळणारी गणनशक्ती बाहेरून आलेल्या चिपवरच उभी आहे. आपल्याला मागे ठेवणाऱ्या गोष्टींची यादी केली तर पैसा, वीज, चिप आणि परदेशी गेलेली माणसे ही नावे वर येतील. जनतेची भीती त्या यादीत बरीच खाली आहे.

निवृत्त म्हापसेकर

वेर्णावासींचे म्हणणे यंत्रांपुरते बरोबर आहे. पण आघाडी फक्त यंत्र बनवण्यात नसते, ते कामाला लावण्यातही असते, आणि तेथे माणसे येतात. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. संगणकाविरुद्धच्या घोषणा मी स्वतः दिल्या आहेत.

त्या काळी आम्हाला काय वाटत होते हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतील. सहामाही बॅलन्सिंगच्या वेळी लेजर जुळेपर्यंत घरी जायचे नाही, हा आमचा शिरस्ता होता, आणि तरीसुद्धा ते काम यंत्राने करावे असे आम्हाला वाटत नव्हते, कारण त्या कामातच आमची गरज होती. पण संघटनांनी केवळ विरोध केला नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. कोणत्या कामासाठी, कोणत्या पातळीवरच्या कार्यालयात आणि किती यंत्रे बसवायची याच्या मर्यादा त्यात ठरल्या. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत लेजरच्या नोंदी करणारी एएलपीएम यंत्रे आली. १९९३ च्या करारानंतर दार बरेच उघडले. यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता मिळू लागला, तेव्हा कालपर्यंत विरोध करणारेच त्या खुर्चीसाठी ज्येष्ठता यादी तपासू लागले.

या दहा वर्षांत भारतीय बँका मागे पडल्या का? काही प्रमाणात पडल्या, हे मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकात आलेल्या खाजगी बँकांना जुन्या कराराचे ओझे नव्हते आणि त्यांनी सुरुवातीपासून सगळ्या शाखा एकमेकींना जोडल्या. आमची भीती निराधार होती, असेही मात्र कोणी म्हणू नये. कोणाला घरी पाठवले नाही, पण नवी भरती जवळजवळ थांबली आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. गोव्यात ज्या घरांत दोन पिढ्या बँकेत होत्या, तेथे तिसऱ्या पिढीला ती वाट उरली नाही. भीती खरी ठरली, फक्त तिला पंधरा-सोळा वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात बहुतेकांनी मुलांची शिक्षणे पुरी करून घेतली.

आज फरक एवढाच आहे की करार कोणाशी करायचा हे कळत नाही. आमच्यासमोर व्यवस्थापन बसलेले असायचे. पणजीतल्या एखाद्या भाषांतरकाराचे किंवा पर्वरीत हिशेब लिहिणाऱ्या मुलीचे काम कमी झाले, तर तिने कोणाच्या दारात बसावे?

पेडण्याचा कृषिपदवीधर

टीचरनी थेट उदाहरण मागितले होते आणि अजून कोणी ते दिलेले नाही, म्हणून देतो. बीटी वांगे, म्हणजे कीड रोखणारे जीवाणूचे जनुक घातलेले वांगे. ते महाराष्ट्रातील महिको कंपनीने विकसित केले होते. तज्ज्ञ समितीने २००९ साली हिरवा कंदील दाखवला होता. त्यानंतर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. आपले हेच तंत्रज्ञान बांगलादेशाने २०१३ साली मंजूर केले आणि २०१४ पासून तेथील शेतकरी ते पिकवत आहेत. शोध आपला, भीती आपली आणि पीक शेजाऱ्याचे.

सुनावण्या घेणे चूक होते असे मी म्हणत नाही. आगशीच्या वांग्यांची चव माहीत असलेल्या माणसाला स्थानिक वाणांची काळजी वाटणे मी समजू शकतो. परंतु त्या स्थगितीला मुदत नव्हती. कोणती चाचणी झाली, किती वर्षांचे निष्कर्ष आले की निर्णय बदलेल, हे अशा रीतीने ठरले नाही की त्यावर कोणाला बोट ठेवता येईल. परिणामी त्या क्षेत्रातील सार्वजनिक संशोधनही मंदावले आणि चांगली मुले दुसरीकडे वळली. भीतीमुळे आघाडी जाते का? जाते. हे त्याचे उदाहरण आहे.

रायतूरचा वाचक

वरील तिन्ही उत्तरे वाचून मला आपल्याच भूमीतील एक जुने प्रकरण येथे मांडावेसे वाटते, कारण तंत्रज्ञानातील आघाडी हातात असून ती गमावण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल.

आशियातील पहिला युरोपीय पद्धतीचा छापखाना १५५६ साली जुने गोवे येथे उतरला. तो अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचा होता, पण येथेच राहिला आणि सेंट पॉल महाविद्यालयात चालू झाला. त्या वेळी मुंबई हे बंदर म्हणून नाव घेण्यासारखेही नव्हते. पुढे रायतूर येथेही छपाई सुरू झाली आणि १६१६ साली तेथे मराठीतील एक मोठे ख्रिस्ती पुराण छापले गेले, मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. म्हणजे मराठी ग्रंथ छापखान्यातून बाहेर पडण्याच्या बाबतीत गोवा महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन शतके पुढे होता.

ही आघाडी कुठे गेली? छापखाना जाळा म्हणून येथील लोकांनी मोर्चा काढला नव्हता. छापखाना चर्चच्या आणि सत्तेच्या हातात होता, कोणत्या भाषेत व कोणत्या हेतूने छापायचे ते त्यांनीच ठरवले, आणि १५६० साली आलेल्या धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) सावलीत छापलेल्या शब्दाकडे संशयानेच पाहिले गेले. १६८४ साली तर व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर मोडून काढण्याचा आदेशच काढला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई थांबली आणि ती पुन्हा सुरू व्हायला १८२१ साल उजाडले. तोवर बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली होती, आणि १८३२ साली बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठी मुद्रणाचा इतिहास मुंबई-पुण्याचा म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा शिकवला जाण्यात काही अन्याय नाही. पहिले असूनही आपण त्या शर्यतीतून बाहेर पडलो होतो.

टीचर, आपल्या मुलांनी "कोणाची भीती" हा प्रश्न विचारावा असे मला वाटते. गोव्यातील छापखाना लोकांच्या भीतीने बंद पडला नाही. राज्यकर्त्यांना लोकांची जी भीती वाटत होती, तिने तो बंद पाडला. आज चीनमध्ये प्रत्येक प्रतिमानाला शासनाच्या विचारचौकटीत राहून उत्तरे द्यावी लागतात, आणि अमेरिकेत कंपन्या आपल्या प्रणाली कशा घडवल्या हे स्पर्धेच्या नावाखाली दिवसेंदिवस कमी सांगत आहेत. या दोन भीती वर्तमानपत्रांच्या पाहण्यांत मोजल्या जात नाहीत.

भारतापुरती आघाडी कुठे शक्य आहे, याचेही उत्तर मला येथेच दिसते. इंग्रजीतील प्रतिमानांत आपण कोणाला लवकर गाठू असे वाटत नाही. पण मराठी, कोंकणी, मैथिली, संथाळी या भाषांतील यंत्र घडवण्यासाठी लागणारा मजकूर आणि आवाज आपल्याच लोकांकडे आहे. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या भाषिणी या भाषांतर उपक्रमाने लोकांना आपला आवाज आणि भाषांतरे देण्याचे आवाहन केले ते याच कारणासाठी. जो माणूस आपला आवाज कोणत्या फसवणुकीत वापरला जाईल या धास्तीत आहे, तो आवाज देणार नाही. काणकोणातील आजी किंवा सत्तरी तालुक्यातील शेतकरी जी भाषा बोलतो ती इंटरनेटवर नाही, आणि विश्वास मिळवल्याशिवाय ती तेथे येणारही नाही. इंग्रजीच्या बाबतीत कंपन्यांनी लोकांना न विचारता मजकूर उचलला. आपल्या लहान भाषांत उचलण्यासारखे फार नसल्यामुळे विचारणे भागच आहे. तेव्हा या एका क्षेत्रात तरी लोकांची भीती दूर करणे आणि आघाडी मिळवणे हे एकच काम आहे.

वेर्णावासी

पेडण्याच्या मित्राचे वांग्याचे उदाहरण बिनतोड आहे, पण त्याला तोडीस तोड असे दुसरे आहे आणि ते विरोधी बाजूच्या मुलांना द्यावे. जनुकांची जोडतोड करण्याचे तंत्र नवे होते तेव्हा, १९७६ साली, अमेरिकेतील केंब्रिज शहराच्या नगर परिषदेने हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशा प्रयोगांवर तात्पुरती बंदी घातली. जगातील दोन सर्वश्रेष्ठ संस्थांचे काम एका नगर परिषदेने थांबवले, याची त्या वेळी पुष्कळ टिंगल झाली. परिषदेने सामान्य नागरिकांची समिती नेमली, जिच्यात एक परिचारिका, एक नन आणि इंधनतेलाचा एक व्यापारीसुद्धा होता. त्यांनी काही महिने शास्त्रज्ञांच्या साक्षी ऐकल्या, जानेवारी १९७७ मध्ये अहवाल दिला आणि फेब्रुवारीत नियमावली होऊन प्रयोग पुन्हा सुरू झाले. पुढे जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या त्याच शहरात आल्या, कारण तेथे नियम स्पष्ट होते आणि उद्या कोणी मोर्चा घेऊन येईल ही धास्ती त्यांना उरली नव्हती. आज केंब्रिजचा केंडल स्क्वेअर हा परिसर जैवतंत्रज्ञानाच्या जगातील सर्वांत दाट केंद्रांपैकी एक आहे.

जाता जाता विजेविषयी. गोव्यात डेटा सेंटर आणण्याची चर्चा अधूनमधून निघते. आपली जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून येते, आणि ती आणण्यासाठीच्या तमनार वाहिनीसह मोलेच्या जंगलातील तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० साली केवढे आंदोलन झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पहिला विरोध नोकऱ्यांच्या नावाने होणार नाही, झाडांच्या आणि पाण्याच्या नावाने होईल, आणि त्याला भीती म्हणून उडवून लावणे कोणत्याही सरकारला जड जाईल.

पेडण्याचा कृषिपदवीधर

केंब्रिजचे उदाहरण मला मान्य आहे. उलट ते माझेच म्हणणे पुढे नेते. तेथे स्थगिती होती, समिती होती आणि काही महिन्यांत निर्णय होता. आमच्या वांग्याला यांतील पहिली गोष्ट तेवढी मिळाली. शिवाय तेथील समितीत तज्ज्ञ नव्हते तरी त्यांना वेळ आणि कागदपत्रे मिळाली. आमच्या सुनावण्यांत ज्याचा आवाज मोठा त्याला ध्वनिक्षेपक मिळाला, असे तेथे गेलेले लोक सांगतात.

युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील कायद्याविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यात तारखा आहेत. तो १ ऑगस्ट २०२४ रोजी लागू झाला, काही वापरांवरची बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून आली आणि मोठ्या प्रतिमानांसाठीची बंधने २ ऑगस्ट २०२५ पासून. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि सध्या स्वतंत्र कायदा न करता अस्तित्वात असलेल्या कायद्यांवर काम भागवण्याचे धोरण ठेवले. हे लवचिक आहे, हे मी नाकारत नाही. पण उद्या एखादी मोठी दुर्घटना झाली, लोक चिडले आणि कोणा मंत्र्याला एका दिवसात काहीतरी थांबवावे लागले, तर ते किती दिवसांसाठी आणि कोणत्या अटीवर थांबवायचे याचा आराखडा आधी लिहून ठेवलेला बरा. म्हापसेकर काकांच्या १९८३ च्या करारात तो होता, म्हणून बँका पुढे चालत राहिल्या. वांग्याच्या बाबतीत तो नव्हता, आणि २०१० ची ती स्थगिती अजूनही उठलेली नाही.